स्लॅग वीट खातो म्हणजे नेमकं करतो काय?

प्रश्न विचारलाय मेल्टिंग विभागातल्या एका सुपरवायझरने. थोडक्यात असा: इंडक्शन फर्नेसमध्ये माल वितळवायचा, 30 टनांच्या लॅडलमध्ये (आतून विटा लावलेलं मोठं भांडं) टॅप करायचा, म्हणजे ओतायचा, लॅडल फर्नेसवर इलेक्ट्रोडने तापवून ट्रीटमेंट द्यायची आणि कास्टरवर बिलेट, म्हणजे चौकोनी दांडे, काढायचे. वितळलेल्या स्टीलवर ऑक्साइडची जी मळी तरंगते ती स्लॅग; ती भिंतीला जिथे टेकते त्या स्लॅग लाइनला मॅग-कार्बन, म्हणजे मॅग्नेशिया आणि कार्बनच्या, विटा आहेत. चार महिन्यांपूर्वीपर्यंत 45 हिट (एक हिट म्हणजे स्टीलची एक खेप) मिळायच्या, आता 26 हिटनंतरच लॅडल उतरवावी लागते. पुरवठादार बदलून पाहिला, फरक शून्य. जुना म्हणायचा तुमचा स्लॅग वाईट, नवाही तेच म्हणतो, आणि साहेब म्हणतात वीटच वाईट. शेवटी त्यांनी विचारलंय, "स्लॅग वीट खातो असं सगळेच म्हणतात. पण खातो म्हणजे नेमकं करतो काय?"

या भांडणाच्या दोन्ही बाजूंना मी बसलोय. आधी विटा विकायचो, मग प्लांटमध्ये विटा विकत घेणारा झालो. त्यामुळे आधीच सांगतो, दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या विटा एकाच आकड्यावर जात असतील तर विटेवरचा संशय निम्मा गेला. उरलेला निम्मा मात्र तुमची वापरलेली वीट हातात घेतल्याशिवाय जाणार नाही. तुमचं ग्रेड सिलिकॉन-किल्ड आहे की अॅल्युमिनियम-किल्ड (म्हणजे स्टीलमधला ऑक्सिजन कशाने काढता), आर्किंग, म्हणजे इलेक्ट्रोडने तापवणं, किती मिनिटं चालतं, स्पंज आयर्नचं (खनिजापासून न वितळवता काढलेल्या लोखंडाचं) प्रमाण किती, यातलं काहीच प्रश्नात नाही. बिलेट म्हटल्यावर मी सिलिकॉन-मँगनीज-किल्ड धरून चालतो. तसं नसेल तर खालचे आकडे बदलतील, विचार करायची पद्धत बदलणार नाही.

आता खाण्याबद्दल. बहुतेकांच्या डोक्यात चहात साखर विरघळावी तसं चित्र असतं. वीट बाहेरून झिजत जाते आणि आतली वीट शेवटपर्यंत जशीच्या तशी. तसं होत नाही. स्लॅग आधी वीट बदलतो आणि मग ती बदललेली वीट नेतो. गळून पडते तेव्हा ती तुम्ही विकत घेतलेली वीट राहिलेलीच नसते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर लॅडल तोडताना स्लॅग लाइनची एक अख्खी वीट बाजूला काढायला सांगा आणि ती लांबीच्या दिशेने कापा. कटर नसेल तर छिन्नी लावून फोडा. गरम तोंडाच्या बाजूला एक-दोन मिलिमीटर स्लॅगचा काचेसारखा थर दिसेल. त्यामागे काही मिलिमीटरचा राखाडी, फिकट पट्टा, नखाने खरवडला तर कण सुटतील असा. या पट्ट्यात नीट पाहिलं, दहापट भिंग असेल तर उत्तम, तर लोखंडाचे मोहरीपेक्षा बारीक चमकणारे मणी दिसतात. त्याच्यामागे एकदम काळीभोर, मूळची वीट. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की हे मणी वितळलेल्या स्टीलचे, आत घुसलेले. काही तसे असतीलही. पण बरेचसे तिथेच जन्मलेले असतात.

ते जन्मतात कसे हे कळलं की अर्धा प्रश्न सुटतो. मॅग-कार्बन विटेत मॅग्नेशियाचे, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडचे, दाणे, साधारण 10 ते 14 टक्के कार्बन (त्यातला बराचसा ग्रॅफाइट), रेझिनचा बंध आणि थोडी अॅल्युमिनियमसारखी धातूची पूड असते. ग्रॅफाइटचं इथलं मुख्य काम स्लॅगला आत येऊ न देणं. तेल लावलेल्या तव्यावर पाणी जसं गोळा होऊन फिरतं तसा स्लॅग ग्रॅफाइटवर पसरत नाही, म्हणून विटेच्या छिद्रांत शिरत नाही. पण स्लॅगमधलं आयर्न ऑक्साइड या कार्बनला भेटलं की कार्बन त्यातला ऑक्सिजन घेतो, कार्बन मोनॉक्साइड होऊन उडून जातो आणि मागे लोखंड उरतं. तेच हे मणी. मँगनीज ऑक्साइडही हेच काम करतं, जरा सावकाश. कार्बन गेला तिथे पोकळी राहते आणि दारावरचा पहारेकरी उठून गेल्यासारखा स्लॅग त्या पोकळीत शिरतो.

इथून पुढे मॅग्नेशियाच्या दाण्याची पाळी. एक दाणा म्हणजे एकच स्फटिक नव्हे. बऱ्याचदा ते अनेक स्फटिक असतात आणि त्यांच्या सांध्यांत चुना आणि सिलिकाची पातळ फिल्म असते. चांगल्या मॅग्नेशियात चुना सिलिकाच्या दुपटीहून जास्त ठेवतात. मग सांध्यात डायकॅल्शियम सिलिकेट तयार होतं आणि ते 2100 अंशांच्या पुढे वितळतं. पण बाहेरून सिलिकावाला स्लॅग सांध्यात शिरला की हे गणित उलटतं. सांध्यातला चुना अपुरा पडतो आणि मर्विनाइट, मॉन्टिसेलाइट अशी खनिजं तयार होतात. ती 1500 ते 1575 अंशांच्या पट्ट्यातच मऊ पडतात आणि तुमची लॅडल तर 1600 च्या वर असते. म्हणजे भिंतीच्या विटा तशाच, पण सांध्यांतला मसाला ओला झालेला. दाणे सुटतात आणि आर्गन वायूच्या ढवळण्यात स्लॅगमध्ये वाहून जातात. फ्यूज्ड (वितळवून गोठवलेल्या) मॅग्नेशियाची वीट महाग का, याचं उत्तर इथे आहे. तिचे स्फटिक मोठे, म्हणून सांधे कमी.

सांधा टिकला तरी दाण्याची सुटका नाही. आयर्न ऑक्साइड मॅग्नेशियाच्या स्फटिकातच मुरतं. मॅग्नेशियाचा वितळणबिंदू 2800 अंशांच्या घरात, आयर्न ऑक्साइडचा जेमतेम 1370, आणि दोघं एकमेकांत कुठल्याही प्रमाणात मिसळतात. दाण्याची कड तपकिरी होते आणि जितकी तपकिरी तितकी कच्ची. याशिवाय मॅग्नेशिया सरळ विरघळतंही. तुमच्या केसमध्ये मला सगळ्यात जास्त रस आहे तो यात.

स्लॅगला मॅग्नेशियाची एक ठरावीक भूक असते. ती भागली की तो विटेकडे बघत नाही. भूक किती, हे बेसिसिटीवर, म्हणजे चुना आणि सिलिका यांच्या प्रमाणावर ठरतं. 1600 अंशांना बेसिसिटी 1 च्या आसपास असेल तर मॅग्नेशिया 20 टक्क्यांच्या घरात गेल्यावर स्लॅगचं पोट भरतं. 2 च्या आसपास असेल तर 8 ते 10 टक्क्यांतच. हे ढोबळ आकडे आहेत. अॅल्युमिना, फ्लोराइड आणि तापमान यांनी ते हलतात. दिशा मात्र पक्की आहे: आम्ल स्लॅग जास्त खातो.

आता तुमच्या लॅडलचा हिशेब मांडू. मापं मी धरलेली आहेत, तुमची घालून बघा. आतला व्यास 2 मीटर धरला तर परीघ सव्वासहा मीटर होतो. स्लॅग वरखाली होऊन जेवढा पट्टा चाटतो तो 30 सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ 1.9 चौरस मीटर. 26 हिटमध्ये 100 मिलिमीटर वीट गेली तर दर हिटला 3.8 मिलिमीटर. घनता 2.95 आणि विटेत 85 टक्के मॅग्नेशिया धरलं तर दर हिटला सुमारे 18 किलो मॅग्नेशिया स्लॅगमध्ये गेलं. 45 हिट मिळत होत्या तेव्हा हाच आकडा साडेदहा किलो होता. म्हणजे ज्यावरून तीन पार्ट्यांची मारामारी चाललीय तो फरक हिटमागे साडेसात-आठ किलोंचा आहे.

दुसरी बाजू बघा. लॅडलमध्ये 600 किलो स्लॅग आहे आणि बेसिसिटी 1.5 आहे असं धरू. पोट भरायला साधारण 12 टक्के, म्हणजे सत्तरएक किलो मॅग्नेशिया लागेल. तुम्ही ते बाहेरून दिलंच नाही तर भूक सत्तर किलोंची आणि समोर ताट एकच, ते म्हणजे वीट. अठरा किलोंवर भागतं ते केवळ वेळ संपतो म्हणून. आर्किंग दहा मिनिटांनी वाढलं की तो पुढचा घास घेतो. आणि अशा भुकेल्या स्लॅगपुढे जगातली सगळ्यात भारी वीट लावली तरी तीन-चार हिटच जास्त मिळतील.

आता मग चार महिन्यांपूर्वी असं काय बदललं? माझा पहिला संशय इंडक्शन फर्नेसमधून टॅपिंगबरोबर येणाऱ्या स्लॅगवर आहे. इंडक्शनचं अस्तर सिलिका रॅमिंग मासचं (ठोकून बसवलेल्या सिलिकाच्या पुडीचं), म्हणून तिथला स्लॅग मुळातच सिलिकाने भरलेला. त्यात स्पंज आयर्न वाढवलं असेल तर त्यातली माती आणि न सुटलेलं आयर्न ऑक्साइडही आलं. तो स्लॅग नीट न काढता टॅप केला तर लॅडलमध्ये सिलिका, आयर्न ऑक्साइड आणि मँगनीज ऑक्साइड असा तिघांचा ताफा एकदम उतरतो. वर सांगितलेली विटेची सगळी दुखणी याच तिघांची. समजा 300 किलो असा स्लॅग आला आणि त्यात 45 टक्के सिलिका आहे. 135 किलो सिलिका झाली. तुम्ही 250 किलो चुना टाकता आणि त्यात 85 टक्के कामाचा असतो, म्हणजे सव्वादोनशेच्या आत. बेसिसिटी 1.6 ला पोचत नाही, आणि फेरोसिलिकॉन जळून झालेली सिलिका अजून मोजलेलीच नाही. चुन्याच्या पोत्यांची संख्या वर्षानुवर्षं तीच असते, कारण ती फळ्यावर लिहिलेली असते. स्लॅग किती आला हे कुठल्याच फळ्यावर नसतं.

जालन्याच्या बाजूला किंवा कुठल्याही इंडक्शनच्या पट्ट्यात फिरलात तर यावर एक सोपा उपाय ऐकायला मिळेल: फर्नेसमध्येच चुना टाका, बेसिसिटी तिथेच उचला. कृपा करून नको. सिलिकाचं अस्तर आणि चुना हे जन्माचे वैरी. लॅडलच्या विटा वाचतील आणि फर्नेसचं अस्तर जाईल. तिथे तर आयर्न ऑक्साइड एकटंही पुरेसं आहे. ते सिलिकाशी जे फायालाइट नावाचं खनिज बनवतं ते 1205 अंशांच्या आसपासच वितळतं.

हे आम्ल-अल्कलीचं वैर नवं नाही. बेसेमरने 1856 मध्ये कन्व्हर्टर आणला तेव्हा अस्तर सिलिकाचंच होतं. फॉस्फरस काढायला चुना हवा, पण चुना अस्तर खातो, म्हणून फॉस्फरसवालं खनिज बाजूला पडलं. 1878-79 मध्ये सिडनी गिलख्रिस्ट थॉमस हा लंडनच्या पोलीस कोर्टातला कारकून, रात्री रसायनशास्त्र शिकणारा, आणि वेल्सच्या ब्लेनॅव्हनमधला त्याचा केमिस्ट मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी डोलोमाइटचं अस्तर लावून ही कोंडी फोडली. स्लॅग आणि अस्तर एकाच जातीचं हवं, हा धडा तेव्हापासूनचा. मॅग-कार्बन वीट त्यामानाने कालची, 1970 च्या दशकात जपानमध्ये पुढे आलेली.

परत तुमच्या लॅडलकडे. प्रयोगशाळेच्या रिपोर्टला दोन दिवस लागत असतील तर तोवर एक गावठी चाचणी सांगतो. ट्रीटमेंट संपल्यावर स्लॅगचा नमुना काढून लोखंडी पत्र्यावर ठेवा आणि थंड होऊ द्या. थंड होता होता तो आपोआप फुटून पांढुरकी पूड झाला तर त्यात डायकॅल्शियम सिलिकेट भरपूर आहे, बेसिसिटी बरी आहे. हे खनिज थंड होताना रूप बदलतं आणि दहा-बारा टक्के फुगतं, म्हणून पूड होते. उलट, काळा, चकचकीत, काचेसारखा तुकडा राहिला तर आयर्न आणि मँगनीज ऑक्साइड जास्त आणि चुना कमी. अॅल्युमिनियम-किल्ड स्लॅगवर ही चाचणी फसते, तिच्यावर तिथे विसंबू नका. तुमच्या स्लॅगवर मात्र निम्मं निदान पत्र्यावरच होतं.

झीज कुठे झाली हेही बोलतं. स्लॅग लाइनला सगळीकडून सारखा पट्टा खाल्ला असेल तर तो रसायनाचा खेळ. स्लॅग आणि स्टीलच्या सीमेवर एक खोल खाच दिसते ती नेहमीचीच, कारण तिथे पृष्ठताणातल्या फरकामुळे द्रव सतत खालवर होत असतो. तीन इलेक्ट्रोडच्या समोर तीन खड्डे असतील तर आर्क उघडा पडतोय, स्लॅग पातळ किंवा कमी आहे. पोरस प्लगच्या (जिथून आर्गन आत सोडतात त्या सच्छिद्र विटेच्या) बाजूलाच जास्त असेल तर आर्गनचा जोर बघा. विटांच्या सांध्यांतून खाल्लं असेल तर गवंड्याशी बोला. आणि बशीसारखे पापुद्रे सुटत असतील, विशेषतः खालच्या हाय अॅल्युमिना भिंतीत, तर ती वेगळी गोष्ट. तिथे स्लॅग आत शिरून एका खोलीवर गोठतो. तेवढा भाग घट्ट होतो आणि मागच्या विटेपेक्षा वेगळा प्रसरण पावतो. लॅडल दोन हिटच्या मधल्या वेळात रिकामी उभी राहून गार झाली की तो पापुद्रा अख्खा निघतो. एका झटक्यात पंधरा-वीस मिलिमीटर जातात. याला स्लॅग बदलून फार उपयोग नाही, लॅडल फिरती आणि गरम ठेवावी लागते.

आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात: प्रीहीटर. नव्या लॅडलला बर्नर लावताना हवा जास्त सोडली तर ग्रॅफाइट स्लॅगला भेटण्याआधीच जळून जातो. पाच-सात मिलिमीटर वीट पहिल्या हिटच्या आधीच पांढरट झालेली मी पाहिलीय. पावसाळ्यात विटांच्या पॅलेटवरचं प्लॅस्टिक फाटलेलं ठेवलं तर मॅग्नेशिया दमटपणा ओढतं आणि ब्रुसाइट होताना आकारमानाने दुपटीहून जास्त फुगतं. डोलोमाइटची वीट असेल तर विचारूच नका, श्रावणात ती पॅलेटवरच भुसभुशीत होते. तुमचे चार महिने जून ते सप्टेंबर असतील तर गोडाऊनमध्ये एक चक्कर मारा.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, म्हणजे मी आत्ता एवढ्या ठामपणे का बोलतोय ते कळेल. प्लांटच्या बाजूला नवा होतो. लॅडलचं आयुष्य असंच पडलं. मी विटेचा एक अख्खा लॉट नाकारला, पुरवठादाराला पत्र पाठवलं, पेमेंट अडवलं. तीन आठवड्यांनी रात्रपाळीत बसलो तेव्हा दिसलं की स्लॅग जड वाटला की मेल्टर (फर्नेसवरचा कामगार) फ्लोरस्पारची, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडच्या खनिजाची, पोती मारतोय. एक सांगितलं तर तीन. दिवसपाळीच्या लॉगबुकात एकच लिहिलेलं. फ्लोरस्पारने स्लॅग पाण्यासारखा होतो, काम भराभर होतं, आणि तो पाण्यासारखा स्लॅग विटेच्या छिद्रांतही पाण्यासारखाच शिरतो. त्या पुरवठादाराची मी माफी मागितली. दुसऱ्या पत्राचा मसुदा लिहिताना हात जड झाला होता, एवढं आठवतं. तेव्हापासून लॉगबुक वाचण्याआधी मी रिकामी पोती मोजतो.

मग करायचं काय? आधी टॅपिंगच्या वेळी येणारा स्लॅग अडवा. फर्नेस तिरकी करण्याआधी स्लॅग ओढून काढायला पाच मिनिटं लागतात आणि प्रॉडक्शनवाले कुरकुरतात. कुरकुरू द्या. त्यानंतर चुन्यातला काही भाग काढून त्याजागी कॅल्साइन्ड डोलोमाइट टाका. त्यात 35 टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशिया आणि उरलेला बराचसा चुनाच असतो. 120 किलो टाकलं तर 42 किलो मॅग्नेशिया मिळालं, वर साठएक किलो चुना. म्हणून चुना 50-60 किलोंनी कमी करता येईल. टॅपिंगच्या सुरुवातीलाच टाका, ट्रीटमेंटच्या शेवटी टाकून अर्थ नाही, तोवर स्लॅगने विटेचा घास घेतलेला असतो.

पण हात आखडता ठेवा. मॅग्नेशिया भुकेपेक्षा जास्त झालं की स्लॅग घट्ट होतो, वर साय धरतो, सल्फर निघत नाही, आर्क नीट झाकला जात नाही, आणि मग मेल्टर परत फ्लोरस्पारच्या पोत्याकडे वळतो. म्हणजे फिरून तिथेच. मी 60 किलोंपासून सुरुवात करतो, पाच हिट बघतो, मग वाढवतो. स्लॅग सळईवर सायीसारखा जाडसर चिकटला पाहिजे, पाण्यासारखा ओघळता कामा नये आणि ढेकळंही नकोत. तापमानाचंही बघा. कास्टरवर लॅडल थांबते म्हणून टॅपिंग चाळीस अंशांनी चढवलं असेल तर डोलोमाइटचा अर्धा फायदा तिथेच जातो.

विटेत खरंच खोट असेल तर ती वापरलेल्या विटेत दिसते. स्लॅगच्या नमुन्याची पूड होतेय, स्लॅगमध्ये मॅग्नेशिया 8 टक्क्यांच्या वर आहे आणि तरीही कापलेल्या विटेत तो राखाडी, कार्बन गेलेला पट्टा दहा-बारा मिलिमीटर जाड आहे, तर अँटीऑक्सिडंट, म्हणजे कार्बन जळू नये म्हणून घातलेली ती धातूची पूड, कमी आहे किंवा ग्रॅफाइटचा दर्जा हलका आहे. तेव्हा पुरवठादाराला बोलवा आणि ती कापलेली वीट टेबलावर ठेवा. तोवर नको.

तुम्ही आता सलग पाच हिटचे स्लॅगचे नमुने ट्रीटमेंट संपताना काढा. त्यातली बेसिसिटी, मॅग्नेशिया, आयर्न ऑक्साइड आणि मँगनीज ऑक्साइड कळवा. त्याच पाच हिटचं आर्किंग किती मिनिटं, टॅपिंगचं तापमान किती आणि स्पंज आयर्न किती टक्के, हेही लिहा. पुढची लॅडल तोडताना स्लॅग लाइनच्या तीन विटा अख्ख्या काढून घ्या, एक प्लगच्या बाजूची, एक इलेक्ट्रोडसमोरची, एक कुठलीही. त्यांच्यावर खडूने जागा लिहा, नाहीतर ढिगाऱ्यात सगळ्या सारख्याच दिसतात. आणि फ्लोरस्पारची रिकामी पोती रात्रपाळीत, स्वतः मोजा.